कोमट पाणी

काल संध्याकाळी कामावरून परतताना कॉलनीच्या वळणावर वास आला आणि मी जागच्या जागी थांबले. मागून येणारा सायकलवाला "सुमिमासेन", माफ करा, म्हणत बाजूनं निघून गेला. किन्मोकुसेइ फुलला होता.

हे झाड वर्षभर ओळखू येत नाही. कुंपणाच्या गर्द हिरव्या झुडपांत तेही एक. सप्टेंबर सरताना मात्र एका दिवसात त्याच्या पानांच्या बेचक्यांत केशरी फुलं दाटतात, ज्वारीच्या दाण्याएवढी. आधी वास येतो, जर्दाळू पाकात शिजत असल्यासारखा, आणि मग माणसं मान वळवून झाड शोधतात. आठ दिवसांत एखादी जोराची सर येते आणि सगळी फुलं खाली पडतात.

इथं जपानात लोकांना हा वास आला की उन्हाळा संपल्याचा आनंद होतो. ऑफिसातून येणाऱ्या बायका मास्क खाली करून हुंगतात. मला मात्र दोन वर्षांपूर्वीचा शरद आठवतो, वृद्धाश्रमातली चादरींची खोली आठवते आणि मी घरात गप्प होते. माझा नवरा मंदार विचारतो, "तुला दर वर्षी या दिवसांत काय होतं गं?" मी म्हणते, हवा बदलली की होतं.

मी नर्स. मिरजेला शिकले, मिशनच्या दवाखान्यात. घरी दत्ताची आरती आणि होस्टेलवर सकाळी सहाला उपासना, दोन्ही सारख्याच आवडीनं म्हणायचे. आमच्या गायकवाड सिस्टर वॉर्डात पाऊल टाकण्याआधी सगळ्या मुलींना हात एकमेकांवर घासायला लावायच्या. "पोरींनो, आधी हात कोमट करा, मग पेशंटला लावा. गार हातांनी प्रार्थना होत नाही." त्यांच्या लेखी पेशंटच्या अंगाला हात लावणं हीच प्रार्थना होती. माझा देवावरचा विश्वास असा हातांतून आला. पोथी-पुराणांतलं मला फारसं कधी कळलं नाही.

मग पुण्यात नोकरी, लग्न, आयसीयू. आणि मग साथीची ती वर्षं. त्याबद्दल सगळ्यांनी इतकं ऐकलं आहे की मी काही नवीन सांगणार नाही. फक्त हातमोज्यांचं सांगते. एकावर एक दोन जोड्या घालायच्या, वर टेप. त्यांतून पेशंटची नाडी लागायची नाही. माणूस गरम आहे की गार, तेही नीट कळायचं नाही.

अकरा नंबरच्या खाटेवर शिरोळे सर होते. निवृत्त चित्रकलाशिक्षक, नाशिकचे. त्यांची मुलगी प्राजक्ता रोज दुपारी फोन करायची आणि मी तो प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांच्या कानाला लावायचे. ते गेले तेव्हा मी सहा नंबरवर होते. तिथला पेशंट बिघडला होता. परत आले तेव्हा अकरा नंबरचं सगळं संपलेलं होतं. किती वेळापूर्वी, तेही मला सांगता आलं नसतं. नंतर मृतदेहाच्या पिशवीची चेन ओढायची, नाव चिकटवायचं, पुढचा पेशंट घ्यायचा.

तासाभरानं प्राजक्ताचा फोन आला. तिनं एकच विचारलं, "ताई, शेवटी बाबांजवळ कोण होतं?"

मी म्हटलं, "मी होते. हात हातात घेतला होता. रामाचं नाव घेत गेले."

विचार करून बोलले नव्हते. तोंडातून निघून गेलं. ती पलीकडे रडली, पण ते रडणं सुटल्यासारखं होतं. म्हणाली, "तुम्ही होतात, फार बरं झालं." त्यानंतर मला देवाचं नाव घेता येईना. घ्यायला गेले की आपण ते कशासाठी वापरलं, तेच आठवायचं. आणि दर वर्षी पितृपक्षात, सरांच्या तिथीला, प्राजक्ताचा मेसेज येऊ लागला. "ताई, आज बाबांचं श्राद्ध. तुम्ही होतात म्हणून ते रामाचं नाव घेत गेले. तुमचे उपकार आहेत."

साथ ओसरली आणि माझे हात बिघडले. दिवसातून चाळीस-चाळीस वेळा धुवायचे, कातडी फाटून रक्त यायचं. नोकरी सोडली. मंदारला जपानात, कावासाकी शहरात काम मिळालं तेव्हा सगळे म्हणाले, बरं झालं, हवापालट होईल.

हवा बदलली. मी सहा महिने सोफ्यावर झोपून काढले. मंदार सकाळी आठची गाडी पकडायचा आणि संध्याकाळी परतायचा तेव्हा मी त्याच कुशीवर असायचे. तो चांगला माणूस आहे. म्हणायचा, "ऑनलाइन कुणाशी तरी बोल ना, काउन्सेलर असतात मराठी." मी म्हणायचे, "ठीक आहे मी." मग त्यानंच कुठून तरी शोधून काढलं की डिपेंडंट व्हिसावर आठवड्याला अठ्ठावीस तास काम करता येतं आणि जवळच्या वृद्धाश्रमाला मदतनीस हव्या आहेत. मी गेले, कारण नाही म्हणायलाही ताकद लागते.

तिथं मोरिता-सान होत्या; सान म्हणजे आपलं 'जी'. आश्रमाच्या नर्स. साठीला टेकलेल्या, बुटक्या, केस बारीक कापलेले, चालताना बुटांचा आवाज न करणाऱ्या. माझं नाव त्यांना म्हणता यायचं नाही, 'व'चा 'ब' आणि 'ल'चा 'र' व्हायचा. "बाइशारी-सान," म्हणायच्या आणि मी ओ द्यायचे. मी नर्स होते हे त्यांना माझ्या चादर घालण्यावरून पहिल्याच दिवशी कळलं. कोपरा दुमडताना बघून म्हणाल्या, "कुठल्या हॉस्पिटलात?" मी म्हटलं, "इंडियात." त्यांनी मान डोलावली आणि पुढं काही विचारलं नाही. मला ते फार बरं वाटलं.

तो शरद असा आला. कॅलेंडरवर ओहिगानचे सात दिवस लागले. हिगान म्हणजे पैलतीर. त्या दिवसांत लोक पूर्वजांच्या थडग्यांवर जातात, दगड धुतात, फुलं ठेवतात. आश्रमात आजी-आजोबांना ओहागी दिली, लाल चवळीसारख्या दाण्यांच्या गोड पुरणात गुंडाळलेला भात, घशात अडकू नये म्हणून बोराएवढे गोळे करून. आपल्याकडचा पितृपक्षही तेव्हाच आसपास होता. मंदारनं त्याच्या वडिलांचं पान गॅलरीत ठेवलं. इथं कावळ्यांना तोटा नाही, कचऱ्याच्या जाळ्या फाडत हिंडत असतात. पण कावळा यायच्या आधी बिल्डिंगचे मॅनेजर आले आणि पक्ष्यांना खायला घालू नका, असं फार नम्रपणे सांगून गेले. मंदारनं पान आत घेतलं. संध्याकाळी आम्ही तोच भात गरम करून खाल्ला.

त्याच आठवड्यात कुवाबारा-सान गेले.

एक्क्याण्णव वर्षांचे. हयातभर चटया विणलेल्या, बोटांची पेरं गाठींसारखी. दुपारी तीनच्या चहाला सगळे हॉलमध्ये होते, ते खोलीत झोपून होते. मोरिता-सान सव्वातीनला बघायला गेल्या आणि परत येऊन हळूच मला म्हणाल्या, "बाइशारी-सान, या माझ्याबरोबर." डॉक्टर येऊन गेले. मुलीला योकोहामाहून यायला तास लागणार होता. मोरिता-सान म्हणाल्या, "तोवर आपण यांना तयार करू. कपाटात करडा कोट आहे, तो काढा."

कोट कव्हरमध्ये होता. मी कव्हरची चेन ओढली.

त्या आवाजानंतरचं मला नीट आठवत नाही. मी चादरींच्या खोलीत होते, जमिनीवर, दोन रॅकच्या मधे. खिडकी किलकिली होती आणि बाहेरच्या किन्मोकुसेइचा वास आत भरला होता. मी हात युनिफॉर्मच्या पँटला पुसत होते, पुन्हा पुन्हा.

मोरिता-सान आल्या. जवळ बसल्या नाहीत, पाठीवरून हात फिरवला नाही. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पाणी काढलंय. गार होईल." थोडं थांबून पुन्हा म्हणाल्या, "एकटीनं कूस वळवता येत नाही. माझी कंबर दुखते."

मी उठले. अजूनही वाटतं, त्यांनी त्या दिवशी माझी समजूत काढली असती तर मी उठले नसते.

मेलेल्या माणसासाठी इथं आधी गार पाणी घेतात आणि त्यात गरम ओततात. जिवंत माणसासाठी करतो त्याच्या उलट. मोरिता-साननी ते दाखवलं तेव्हा मला आपल्याकडचं अपसव्य आठवलं, जानवं उलट्या खांद्यावर घेणं. त्यांनी फडकं पिळलं आणि कुवाबारा-सानच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "कुवाबारा-सान, तोंड पुसते हं. पाणी कोमट आहे." मग, "आता हात उचलते. हा उजवा." प्रत्येक गोष्ट आधी सांगायची, मग करायची. त्यांच्या आवाजात फरक नव्हता. सकाळी औषध देताना ज्या सुरात बोलायच्या, तोच सूर.

"तुम्ही पाय घ्या," मला म्हणाल्या. मी हातमोजे घालायला गेले तर म्हणाल्या, "जखम नाही काही. तुम्हाला हवे तर घाला."

मी घातले नाहीत. पाय हातात घेतला. तो अजून पूर्ण गार झाला नव्हता. माझ्या जपानी शब्दांनी दगा दिला आणि मी मराठीतच म्हटलं, "आजोबा, पाय पुसते हं. टाच फार भेगाळलीय तुमची." मोरिता-सान एकदा माझ्याकडे बघून आपलं काम करत राहिल्या. मी बोटांच्या मधून फडकं फिरवलं, घोटे पुसले, क्रीम लावलं, आणि सबंध वेळ बोलत होते. काय काय बोलले कोण जाणे. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण रडत होते असं म्हणवत नाही.

दाढी झाली, कोट घातला, तेवढ्यात मुलगी आली. पन्नाशीची बाई, ऑफिसच्या कपड्यांत. वडिलांच्या गालाला हात लावून तिनं तोच प्रश्न विचारला. "शेवटी कोणी होतं का जवळ?"

मी मोरिता-सानकडे पाहिलं. त्या सरळ उभ्या राहिल्या. "नव्हतं. पावणेतीनला मी आले तेव्हा श्वास चालू होता. सव्वातीनला नव्हता. आम्ही सगळे हॉलमध्ये होतो. त्यांना एकटं जावं लागलं. क्षमा करा." आणि कमरेतून इतक्या खाली वाकल्या की मला त्यांच्या डोक्यावरचा भोवरा दिसला.

मला वाटलं, आता ही बाई ओरडेल. ती खुर्चीवर बसली, तोंड झाकून रडली. मग नाक पुसत म्हणाली, "वडिलांना काम करताना कुणी बघितलेलं आवडायचं नाही. दार लावून घ्यायचे."

कुवाबारा-सानना पुढच्या दारानं नेलं. चालता येणारे आजी-आजोबासुद्धा व्हरांड्यात आले होते. गाडी वळणाआड जाईपर्यंत आम्ही वाकून उभे होतो. पुण्यात आमची माणसं मागच्या लिफ्टनं जायची.

दोन आठवड्यांनी मोरिता-सान कामावर आल्या नाहीत. तीन दिवसांनी आश्रमाच्या मॅनेजरनं सांगितलं, डॉक्टरचं सर्टिफिकेट आलं आहे, तीन महिने रजा. पोटाचं नाही, कंबरेचं नाही. सांगताना त्यांनी छातीवर हात ठेवला आणि आवाज खाली करून 'मनाचं' म्हटलं. एक जुनी मदतनीस म्हणाली, त्यांना हे आधीही एकदा झालं होतं. मला राग आला. कुणाचा ते कळेना. ज्या भिंतीला टेकून मी कशीबशी उभी राहिले होते, तीही कुठंतरी आतून ओली होती आणि मला दिसलं नव्हतं. मी, नर्स.

मी गुरगुट्या भात केला, तूप-मीठ घालून, थर्मासच्या डब्यात भरला आणि पत्ता विचारून एका रविवारी सकाळी गेले. इथं कुणाच्या घरी न कळवता जात नाहीत. दार साखळीपुरतं उघडलं. केस चिकटलेले, अंगावर चुरगळलेला स्वेटर.

"आत येऊ नका. मला वास येतोय."

मी म्हटलं, "मोरिता-सान, माझा केअरगिव्हरचा कोर्स सुरू झालाय. प्रॅक्टिकल आहे. केस धुवायचा सराव करायला कुणी मिळत नाही."

हे निम्मं खरं होतं. कोर्स सुरू झाला होता. त्यांनी फटीतून माझ्या हातांतल्या डब्याकडे पाहिलं. मग साखळी काढली.

बेसिनसमोर खुर्ची ठेवली, खांद्यावर टॉवेल घातला. मनगटावर पाणी पाहिलं. "मान पुढं करा. पाणी घालते हं." त्यांनी डोळे मिटले. मी बोटांच्या पोटांनी डोकं चोळत राहिले. कानामागं, मानेच्या खळगीत. किती दिवसांत कुणी हात लावला नव्हता या डोक्याला.

पाण्यातूनच त्या म्हणाल्या, "कुणी मेलं नाही. काही झालं नाही. एके दिवशी सकाळी बूट घालायला बसले आणि घालता आले नाहीत. तासभर बसले. बूट समोर होते."

"हो," मी म्हटलं.

"अकरा दिवस आईपुढं भात ठेवला नाही."

कोपऱ्यात लहानसं देवघर होतं, आत त्यांच्या आईचा फोटो. त्यांचा देवावर विश्वास नव्हता, हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. पण रोज सकाळी पहिला वाफाळता भात आईला, हे वीस वर्षं चुकलं नव्हतं. नोकरीवर न जाण्यापेक्षा त्यांना त्याचीच लाज जास्त होती.

ओलं डोकं माझ्या हातांत होतं, चेहरा दिसत नव्हता. तो दिसला असता तर मी बोलले नसते. मी शिरोळे सरांचं सांगितलं. माझ्या मोडक्या जपानीत, जिथं शब्द नव्हते तिथं नुसतं थांबून. प्राजक्ताचे मेसेज सांगितले. विचारलं, "तिला खरं सांगू का? तुम्ही सांगितलंत तसं?"

मी फेस धुतला, केस टॉवेलमध्ये गुंडाळले. खुर्चीत ताठ बसून त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"ते आता तिचं आहे," म्हणाल्या. "दिलेलं परत मागू नका."

"मग माझं काय?"

"तुमचं तुम्हाला वाहावं लागेल. जड आहे. माहीत आहे मला."

नंतर मी डबा उघडला. त्यांनी फोटोसमोरची पितळेची इवलीशी वाटी धुऊन आणली आणि मी चमच्यानं तिच्यात भात घातला. तो इतका मऊ होता की उभा राहीना, काठावरून ओघळला. मोरिता-सान त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "चालेल. आईला दात नव्हतेच." आणि हसल्या. मग आम्ही दोघी तिथंच जमिनीवर बसून उरलेला भात खाल्ला. तूप त्यांना आवडलं नाही, पण टाकलं नाही.

मी त्यानंतर आणखी चार रविवार गेले. डिसेंबरात त्या निइगाताला बहिणीकडे राहायला गेल्या. कामावर पुन्हा आल्याच नाहीत. नव्या वर्षाचं एक कार्ड आलं, 'इथं बर्फ फार आहे, बूट घालते,' एवढंच लिहिलेलं. पुढच्या वर्षी कार्ड आलं नाही. मी दोन पाठवली. उत्तर आलं नाही, म्हणजे काय समजायचं ते मी ठरवलेलं नाही.

माझी परीक्षा झाली, व्हिसा बदलला, आता मी पूर्णवेळ आहे. कुणी गेलं की नवीन मुलींना मी पाणी करायला शिकवते, आधी गार, मग गरम. व्हिएतनामची एक आहे, इंडोनेशियाची एक. त्या आपापल्या भाषेत बोलतात. देवाचं मला अजून नीट सांगता येत नाही. नाव घेता येत नाही हे तसंच आहे. पण कुणाच्या पायाला हात लावण्याआधी मी हात एकमेकांवर घासते, आणि तेवढ्या वेळात आत काहीतरी उभं असतं.

आज सकाळी प्राजक्ताचा मेसेज आला. या वर्षी उशीर झाल्याबद्दल माफी, आणि बाकी नेहमीचंच. बाबा, राम, उपकार. दर वर्षी मी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवते आणि फोन पालथा घालते. आज मला सुट्टी होती; मंदार ऑफिसला गेल्यावर मी टेबलाशी बसून राहिले. सरांबद्दल मला खरोखर काय माहीत आहे, ते आठवू लागले. आणि मग लिहिलं:

"सर चादरीवर बोटानं चित्रं काढायचे. मास्क असल्यामुळं फारसं बोलता यायचं नाही, म्हणून. एकदा मला थांबवून त्यांनी एक डोंगर काढला आणि ओळखा म्हणून खूण केली."

लगेच उत्तर आलं. "कोणता डोंगर, ताई?"

नाशिकच्या बाजूच्या कुठल्याही डोंगराचं नाव लिहिता आलं असतं.

"मला ओळखता आला नाही," मी लिहिलं. "दोनदा काढून दाखवला. तरी नाही आला. रागावले नाहीत."

ती टाइप करत असल्याचे ठिपके दिसत होते. थांबले. पुन्हा दिसले.

"रागावले नाहीत? नक्की आमचेच बाबा होते ना ते? वर्गात पट्टी उगारायचे, डोंगर ओळखला नाही की."

मी मोठ्यानं हसले. घरात कुणी नव्हतं. आवाज स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आला. मग उठले आणि सकाळची भांडी घासायला घेतली.